बार्शी लाईटचा जुना लोखंडी पूल: पाटीवर काय लिहावं?

तेरणाकाठ

नमस्कार मंडळी. आमची शेती धाराशिव जिल्ह्यात, पुढं तेरणेला मिळणाऱ्या एका लहान नदीच्या काठाला आहे. शेताच्या खालच्या अंगाला बार्शी लाईटचा, म्हणजे कुर्डुवाडी-लातूर नॅरोगेजचा, जुना लोखंडी पूल उभा आहे. मोठी लाईन (ब्रॉडगेज) धाराशिव शहराला धरून नव्या वाटेनं गेली, आमच्याकडचे रूळ उखडले, पूल तेवढा मागं राहिला. काळ्या दगडाचे खांब, पाच गाळे. त्यातल्या दोन गाळ्यांवरचे गर्डर, म्हणजे खांबांवर टेकलेल्या लोखंडी तुळया, कुणीतरी रात्रीतून गॅसकटर लावून नेले. तीन शिल्लक आहेत. गावाचं नाव इथं देत नाही ते त्यासाठीच.

गावातल्या पोरांनी पुलापाशी माहितीची पाटी लावायचं ठरवलंय. वर्गणीही जमली. पण पाटीवर लिहायचं काय, यावर पारावर रोज वाद चाललेत. चुलते म्हणतात पूल निजामानं बांधला. शेजारचे बापू म्हणतात इंग्रजांनी. लोखंड लंडनहून आलं यावर मात्र दोघांचं एकमत. मधल्या खांबाचा एक कोपरा उडालेला आहे. रझाकारांनी सुरुंग लावला त्याची ती खूण, असं आजी सांगायची. किल्लारीच्या भूकंपातही पूल जागचा हलला नाही, हेही लिहा म्हणणारे बरेच आहेत.

पाटी एकदा लागली की पुढची पिढी तेच खरं धरून चालणार. म्हणून विचारतो. पूल कुणी बांधला, कधी, लोखंड कुठलं? आणि नुसतं पुलाकडं बघून यातलं काही ओळखता येतं का?

गोदाकाठचा_प्रवासी

निजामाचाच असणार दादा. १९४८ पर्यंत लातूर, धाराशिव सगळं हैदराबाद संस्थानात होतं. मनमाड-सिकंदराबाद लाईन निजामाची, पूर्णा-हिंगोली निजामाची, गंगाखेडला गोदावरी ओलांडून परळीला जाते तीही निजामाची. मग तुमच्याकडंच दुसरं कोण येणार? पाटीवर खुशाल "निजामकालीन पूल" लिहा.

ब्रिजमिस्त्री_कुर्डुवाडी

रामराम. मी मूळचा लातूर-मुरूडचा. रेल्वेत ब्रिज खात्यात खलाशी म्हणून लागलो, मिस्त्री होऊन रिटायर झालो. नॅरोगेजच्या पुलांना रंग मारण्यापासून रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे लोखंडी खिळे, बदलण्यापर्यंत सगळी कामं या हातांनी केलीत, त्यामुळं जरा लांब लिहितो.

"निजामकालीन" लिहिलं तर काळ म्हणून बरोबर आहे. "निजामानं बांधला" लिहू नका. बार्शी लाईट ही खासगी कंपनी होती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं ती उभी केली. १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी अशी पहिली गाडी धावली. हा भाग मुंबई इलाख्यातला. तिथून लाईन हळूहळू निजामाच्या मुलखात शिरली आणि १९११ साली लातूरला पोचली. मुलूख संस्थानाचा, लाईन कंपनीची. ही कंपनी भारत सरकारनं १ जानेवारी १९५४ ला ताब्यात घेतली, तोवर ती खासगीच होती. प्रवासी दादांनी सांगितलेल्या लाईनी वेगळ्या. त्या मीटरगेज, आणि त्यासुद्धा आधी निजामानं हमी दिलेल्या लंडनच्या कंपनीकडं होत्या. संस्थानानं त्या १९३० साली स्वतःकडं घेतल्या.

आता कॅलथ्रॉपबद्दल थोडं सांगितलंच पाहिजे, कारण तुमचा पूल असा का आहे याचं उत्तर त्याच्याकडं आहे. रूळ अडीच फुटांवर, म्हणजे ७६२ मिलिमीटर. त्यानं एक नियम धरला: इंजिन असो, मालडबा असो की पॅसेंजरचा डबा, कुठल्याही एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. जड पोतं दोघांऐवजी चौघांनी उचलावं तसं इंजिनाचं वजन त्यानं जास्त चाकांवर वाटून दिलं. सुरुवातीची किटसन कंपनीची इंजिनं बघा, चार जोड्या नुसत्या ओढणाऱ्या चाकांच्या आणि मागं आणखी दोन जोड्या भार घ्यायला. भार असा वाटला गेला की रूळ हलके चालतात. एका यार्डाला ३० पौंडांचे रूळ होते, म्हणजे मीटरला जेमतेम १५ किलो. आज मोठ्या लाईनवर मीटरला ६० किलोचा रूळ पडतो. रूळ हलके तसेच पूलही हलके. मोठ्या लाईनचे पूल बघितलेल्या माणसाला आपला पूल किरकोळ वाटतो, पण तो कंजुषीतून आलेला नाही. आपल्याकडच्या कोरडवाहू मुलखाला, जिथं सुगीचे चार महिने कापूस, तूर, करडई आणि बाकी वर्ष थोडीफार पॅसेंजर, तिथं परवडेल अशी रेल्वे कशी करायची याचा तो विचार होता. मला विचाराल तर पाटीवर सगळ्यात वर हेच पाहिजे. (हाच माणूस पुढं विमानातून उडी मारायचं पॅराशूट बनवण्याच्या मागं लागला आणि तेही त्यानं करून दाखवलं.)

पुलाकडं बघून काय कळतं म्हणता, तर पुष्कळ कळतं. पण आधी खाली वाकून गर्डरच्या पोटाला आग्या मोहोळ नाही ना ते बघा. असलं तर ते उठून जाईपर्यंत जाऊच नका. आणि स्लीपर (रुळाखालच्या आडव्या फळ्या) काढलेल्या गर्डरवरून चालायचं नाही, पोरांना तर मुळीच चढू द्यायचं नाही. जे बघायचं ते नदी कोरडी असताना खालून आणि काठावरून.

लोखंडी अँगल आणि चॅनेल कारखान्यात लाटून निघतात तेव्हा त्यांच्या अंगावर कारखान्याचं नाव उठलेलं असतं. अक्षरं फुगीर, इंच-दीड इंचाची, इंग्रजी. रंगाच्या थराखाली दबलेली असतात. तारेच्या ब्रशनं हळू घासा, मग तिरप्या उन्हात, सकाळी नाहीतर दिवस कलताना बघा. दुपारी काही दिसणार नाही. एकच तुकडा बघून थांबू नका. मधल्या आडव्या-तिरक्या पट्ट्याही बघा, कारण बदललेलं सामान बहुतेक तिथंच सापडतं.

गर्डरचं एक टोक बेड ब्लॉकवर, म्हणजे खांबाच्या माथ्यावरच्या मोठ्या दगडावर, बोल्टानं पक्कं असतं. दुसऱ्या टोकाची भोकं लांबट असतात. गर्डर उन्हानं वाढतो त्याला सरकायला ती जागा. ४० फुटी गर्डर पहाटेच्या गारव्यापासून भर दुपारच्या तापापर्यंत पाच-सहा मिलिमीटर वाढतो. ही सोय ठेवली नसती तर त्यानं खांबाचा माथा फोडला असता. पोरांना हे नक्की दाखवा.

कठड्यावर किंवा काठाच्या खांबावर पुलाचा नंबर आणि पाण्याची दिशा दाखवणारा बाण असतो. खांबावर पांढरी आडवी रेघ आणि साल असेल, तर ती आजवरच्या सगळ्यात मोठ्या पुराची खूण. आणि उडालेला कोपरा पाण्याच्या येत्या अंगाला आहे की जात्या, आणि त्या पुराच्या रेघेच्या वर आहे की खाली, ते बघून इथं सांगा. सुरुंग लावायचा तर दगडात भोक पाडावं लागतं, आणि दगड फुटला तरी त्या भोकाची अर्धगोल पन्हळ मागं राहते.

लातूरची_शिक्षिका

काकांनी रेल्वेचं सगळं सांगितलं, मी सरहद्दीचं सांगते. बार्शी इंग्रज मुलखात आणि लातूर निजामाच्या, त्यामुळे ही गाडी एका राज्यातून निघून दुसऱ्यात जायची. मधे निजामाचा करोडगिरी नाका, म्हणजे जकात. बार्शीच्या पेठेत कलदार, म्हणजे इंग्रजांचा रुपया, लातूरच्या आडतीत हाली, म्हणजे निजामाचा रुपया, आणि साधारण सात हाली म्हणजे सहा कलदार. माझ्या सासरी आडतीचं दुकान होतं, जुन्या चोपड्यांत दोन्ही नाण्यांचे रकाने शेजारी शेजारी आहेत. लातूरची बाजारपेठ वाढली त्यात या लाईनचा वाटा फार मोठा आहे, कारण १९११ नंतर इथला माल थेट कुर्डुवाडीला मोठ्या लाईनवर पोचू लागला. तिथं नॅरोगेजच्या डब्यातून ब्रॉडगेजच्या डब्यात पोती बदलायची, हमालांची मोठी वस्ती त्यावरच जगली.

१५ ऑगस्ट १९४७ नंतरचं वर्ष तर फारच नाजूक होतं. बार्शी स्वतंत्र भारतात, आणि पुढची काही स्टेशनं सोडली की रझाकारांचा मुलूख. मुक्तिलढ्याचे कॅम्प बार्शी तालुक्याच्या सरहद्दीवर होते, हे आपल्याकडच्या जुन्या माणसांना तोंडपाठ आहे. त्यामुळे आजींनी सांगितलेली गोष्ट घरात जपून ठेवा, ती त्या काळाच्या भीतीची आठवण आहे. पाटीवर मात्र खात्री असेल तेच जावं. पुलाचं नाव घेऊन पक्कं सांगता येईल असा प्रसंग नळदुर्गचा आहे. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज सोलापूरकडून आत आली, तेव्हा बोरी नदीवरचा पूल दुसऱ्या शीख पलटणीनं सकाळीच शाबूत ताब्यात घेतला. त्याच दिवशी नळदुर्गजवळ हवालदार बचित्तर सिंग धारातीर्थी पडले, त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. आपल्या जिल्ह्यातल्या किती मुलांना हे नाव माहीत आहे? पाटीवर जागा उरली तर एक ओळ याची असावी असं मला मनापासून वाटतं.

तेरणाकाठ

काका, ताई, फार आभार. नदी सध्या कोरडीच आहे. मोहोळ नाही हे बघून पोरांना घेऊन गेलो.

काठाच्या खांबावर बाण आहे, नंबर अर्धा पुसलाय. पांढरी रेघ आहे पण साल वाचता येत नाही. सप्टेंबर २०२१ ला मांजरा-तेरणेला पूर आला तेव्हा आमच्या नदीचं पाणी या रेघेच्याही वर गेलं होतं, त्याचा गाळ अजून दगडांच्या सांध्यात आहे. गर्डरच्या एका टोकाची भोकं गोल, दुसऱ्या टोकाची लांबट, अगदी काकांनी सांगितलं तसं. लहान पोरांना ते सगळ्यात जास्त आवडलं. एकानं गर्डरच्या टोकाला खडूनं रेघ मारून ठेवलीय, आता सकाळ-दुपार मोजायला जातो.

अक्षरं सापडली! खालच्या लांब अँगलवर घासल्यावर आधी नुसतं "मन लाँग" दिसलं, पुढच्या गाळ्यावर पूर्ण निघालं: डॉर्मन लाँग, मिडल्सब्रो, इंग्लंड. पण मधल्या दोन तिरक्या पट्ट्यांवर वेगळंच नाव आहे, टाटा. हे कसं काय? इंग्लंडच्या पुलाला टाटाचं लोखंड?

उडालेला कोपरा पाण्याच्या येत्या अंगाला आहे, रेघेच्या बराच खाली. भोकाची पन्हळ कुठं नाही. दगड खरबडीत फुटलाय.

ब्रिजमिस्त्री_कुर्डुवाडी

वा, पोरांनी चांगलं काम केलं. वाचून मलाच परत पुलावर गेल्यासारखं झालं.

डॉर्मन लाँग हा इंग्लंडच्या ईशान्येचा मोठा पोलाद कारखाना, १८७५ चा. ऑस्ट्रेलियात सिडनीचा तो कमानीचा प्रसिद्ध पूल याच कंपनीनं बांधला, १९३२ साली पुरा झाला. म्हणजे तुमच्या पारावरचं "लंडन" काढून तिथं "मिडल्सब्रो" घाला. पण एक लक्षात घ्या. अँगलवरचं नाव सांगतं की पोलाद कुठं लाटलं. ते तोडून, भोकं पाडून गर्डर कुणी जोडला आणि इथं कधी बसवला, हे त्या नावावरून ठरत नाही. गर्डर एका पुलावरून काढून दुसऱ्यावर टाकायची रेल्वेत जुनी चाल आहे. म्हणून पाटीवर "पोलाद इंग्लंडमधल्या मिडल्सब्रोच्या डॉर्मन लाँग कारखान्याचं" इतकंच लिहा. ते डोळ्यांनी बघितलेलं आहे, त्याला कुणी खोटं म्हणू शकत नाही.

टाटाच्या पट्ट्या मला जास्त मोलाच्या वाटतात. टाटांचं पोलाद साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, १९१२ साली निघायला लागलं. लाईन लातूरला पोचली १९११ ला. म्हणजे या पट्ट्या नंतर कधीतरी बसवलेल्या आहेत. तिरक्या पट्ट्या गंजून खाल्ल्या जातात, कारण तिथं पाखरांची शीट आणि पालापाचोळा साचतो. आमच्यासारख्याच कुठल्या तरी गँगनं जुन्या काढून या घातल्या. त्या माणसांची नावं कुठल्याच रजिस्टरात नसतात. पाटीवर त्यांच्यासाठी अर्धी ओळ तरी ठेवा, एवढी विनंती.

रिव्हेट बसवायचं काम पोरांना सांगण्यासारखं आहे. चौघांची टोळी. एकजण हातभट्टीवर रिव्हेट तापवणार. लाल सोडून पिवळट झाला की चिमट्यानं वर फेकणार. वरचा पत्र्याच्या डब्यात झेलणार आणि भोकात घालणार. तिसरा मागून लोखंडी डॉली दाबून धरणार, चौथा पुढून ठोकून टोपी करणार. सगळं रिव्हेट लाल असेतोवर उरकायचं. थंड होताना तो आखडतो आणि पत्रे एकमेकांवर आवळून धरतो, पूल टिकतो तो त्या आवळण्यावर. ढिला रिव्हेट ओळखायचा तर टोपीच्या एका अंगाला, जिथं ती पत्र्याला टेकते तिथं, बोट ठेवायचं आणि दुसऱ्या अंगानं लहान हातोडीचा आडवा टोला द्यायचा. हलला तर बोटाला लगेच कळतं. नुसत्या डोळ्यानं बघायचं तर टोपीखालून गंजाचा लाल ओघळ आला असेल तो ढिला समजा. कानानं ओळखणारे जुने मिस्त्री मी पाहिलेत, मला मात्र बोटच खरं वाटायचं.

कोपऱ्याचं तुम्ही लिहिलंत त्यावरून मी सुरुंग म्हणणार नाही. येत्या अंगाला, पुराच्या रेघेखाली, भोकाशिवाय फुटलेला दगड म्हणजे पुरात वाहून आलेल्या ओंडक्याचा मार. असे कोपरे मी कितीतरी पुलांवर सिमेंटनं भरलेत. ताईंनी आजीबद्दल लिहिलं ते मला पटलं.

भूकंपाचं लिहायला हरकत नाही, पण कारणासकट लिहा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरकडं माणसं मेली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरची धाब्याची माती अंगावर आली म्हणून. तुमच्या पुलाचे खांब घडीव दगडाचे, सांध्याला सांधा न येऊ देता चुन्यात बांधलेले. शिवाय किल्लारी तुमच्यापासून लांब. "भूकंपातही उभा राहिला" एवढंच लिहून सोडलं तर पोरांच्या डोक्यात चमत्कार बसतो, आणि दगड कसा बांधावा हा खरा धडा राहून जातो.

गोदाकाठचा_प्रवासी

काका, तुमच्या माहितीला सलाम. दोन रेल्वेंमधला फरक आज नीट कळला. तेरणाकाठ दादा, आता उरलेले तीन गर्डर वाचवायचं काय? पाटी लागली तरी पूल भंगारात गेला तर कशाचा उपयोग?

ब्रिजमिस्त्री_कुर्डुवाडी

तेच लिहिणार होतो. पूल रेल्वेची मालमत्ता आहे, हे आधी ध्यानात घ्या. पाटी पुलाला ठोकायची नाही, गर्डरला भोक तर अजिबात पाडायचं नाही. रस्त्याच्या कडेला ग्रामपंचायतीच्या जागेत खांब रोवून लावा. वापरातून गेलेलं लोखंड रेल्वे ऑनलाईन लिलावात काढते. तुमचे गर्डर कुठल्या यादीत गेलेत का, हे विचारायला मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागाकडं माहिती अधिकारात अर्ज करा. त्याच अर्जात ब्रिज रजिस्टरमधल्या तुमच्या पुलाच्या पानाची आणि नकाशाची प्रत मागा. गाळ्यांची मापं, गर्डरचा प्रकार, दुरुस्तीच्या नोंदी असं बरंच त्या पानावर असतं. नंबर अर्धा पुसलाय म्हणता, तर दोन्हीकडच्या जुन्या स्टेशनांची नावं आणि नदी लिहा, त्यावरून सापडतो. फी दहा रुपये. राज्य सरकारच्या अर्जाला कोर्ट फी स्टॅम्प लावतो तसा इथं लावू नका. रेल्वे केंद्राची, पोस्टातून दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर घ्या नाहीतर ऑनलाईन भरा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

ग्रामसभेचा ठराव वेगळा करा. तीनही गर्डर ठेवा अशी मागणी करा, पण निदान एक गाळा दोन्ही खांबांसकट जागेवर राहू द्या, असंही त्यात लिहा. सगळं किंवा काहीच नाही अशी मागणी असली की कागद तसाच पडून राहतो, हे मी नोकरीत बघितलंय. ठरावासोबत अक्षरांचे फोटो जोडा, फोटोत शेजारी फूटपट्टी धरा. खांबाची रुंदी, गाळ्याचं अंतर, गर्डरची उंची हे टेपानं मोजून कागदावर काढा, पोरांकडूनच काढून घ्या. उद्या लोखंड गेलंच तरी मापं आपल्याकडं राहतील.

अर्ज मराठीत केला तरी चालतो. मसुदा लागला तर मला मेसेज करा, मी लिहून देतो.